वसंतातली ताजी साके: पहिल्यांदा चाखणाऱ्यांसाठी

साके म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चिनी मातीची छोटी सुरई आणि वाफाळती, जराशी उग्र दारू येते. जपानी रेस्टॉरंटात पहिली गाठ अशा साकेशी पडली असेल, तर दुसऱ्यांदा ती मागवावीशी वाटत नाही. पण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जपानी दुकानांच्या फ्रिजमध्ये येणाऱ्या साकेचा त्या अनुभवाशी फारसा संबंध नाही. ही साके थंड प्यायची असते. ग्लास नाकाजवळ नेला की पिकलेलं केळं, खरबूज, नासपती असे वास येतात, जिभेवर किंचित चुरचुर होते आणि घोट गिळल्यावर गोडवा झटकन ओसरतो. तिच्यात फळ घातलेलं नसतं. तांदूळ, पाणी, कोजी ही बुरशी आणि यीस्ट एवढ्यावरच हे घडतं, काही प्रकारांत त्यात थोडा शुद्ध अल्कोहोल मिसळतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी, कारण नवखे लोक इथेच पैसे वाया घालवतात. या साकेची मजा बाटलीच्या किमतीवर अवलंबून नसते. बाटली भरल्यापासून किती दिवस गेले आणि ते दिवस तिनं किती थंडीत काढले, यावर ती अवलंबून असते. तांदूळ भरपूर घासून केलेल्या सुगंधी साकेला 'गिंजो' म्हणतात, त्याहूनही जास्त घासलेलीला 'दाइगिंजो'. दहा हजार येनांची दाइगिंजो दुकानाच्या उजेडात सहा महिने उभी असेल, तर फ्रिजमधून काढलेली दोन हजारांची ताजी गिंजो तिच्यापेक्षा कितीतरी सरस लागते.

वसंतातच का

जपानात नवा भात मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापला जातो. साके बनवणारे कारखाने, म्हणजे 'कुरा', ऑक्टोबरच्या सुमारास कामाला लागतात आणि कडक थंडीत सर्वांत नाजूक प्रकार हाती घेतात. वाफवलेल्या तांदळावर वाढवलेली कोजी स्टार्चची साखर करते आणि त्याच टाकीत, त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचा अल्कोहोल करतं. कोजी वापरून साके बनवण्याच्या या पारंपरिक कौशल्याची नोंद डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली.

आंबवणं संपलं की टाकीतला लगदा दाबून गाळतात. नव्यानं गाळलेली साके 'शिबोरिताते' म्हणून डिसेंबरपासूनच दिसू लागते, पण ती थोडी कोवळी आणि तिखट असते. आणखी काही आठवडे थंडीत राहिली की तिच्या कडा गोल होतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या 'हारुझाके', म्हणजे वसंत-साके, म्हणून विकायच्या बाटल्या याच सुमारास निघतात. उरलेली साके तापवून उन्हाळाभर मुरत ठेवतात आणि ती शरद ऋतूत बाजारात येते. तिची गोडी वेगळी, शांत असते. फळांच्या वासाची हौस असेल तर वसंत हाच खरा हंगाम.

जपानी पंचांगात वसंताचा पहिला दिवस ४ फेब्रुवारीच्या आसपास येतो. त्या पहाटे गाळलेली साके त्याच दिवशी दुकानांत पोहोचवायची प्रथा १९९८ पासून सुरू आहे. तिचं नाव 'रिश्शुन आसाशिबोरी'. त्या सुमारास तुम्ही जपानात असाल तर एखाद्या चांगल्या दारूच्या दुकानात आधी नाव नोंदवून ठेवा. याहून ताजी साके कारखान्याबाहेर मिळणं अवघड.

फळाचा वास येतो कुठून

हा वास मुख्यतः यीस्ट तयार करतं. आयसोअमाइल ॲसिटेटमुळे केळ्याचा आणि खरबुजाचा, तर ईथाइल कॅप्रोएटमुळे सफरचंदाचा, अननसाचा आणि पुष्कळदा बडीशेपेचा वास येतो. मराठी नाकाला बडीशेप चटकन सापडते, त्यामुळे पहिल्या घोटाला तीच शोधून पाहा. ती मिळाली की सफरचंदही मिळतं.

यीस्टला हे वास तयार करायला लावायचं तर दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे थंडी. गिंजो साके १० अंशांच्या आसपास, महिनाभर किंवा अधिक काळ, सावकाश आंबवतात. दुसरी म्हणजे तांदूळ भरपूर घासणं. दाण्याच्या बाहेरच्या थरात चरबी आणि प्रथिनं असतात. त्या चरबीतली असंतृप्त मेदाम्लं यीस्टला सुगंधी एस्टर बनवू देत नाहीत. थर घासून काढला की हा अडसर दूर होतो.

म्हणून बाटलीवर 'सेइमाइबुआई' असा टक्का लिहिलेला असतो. नवखे लोक तो हमखास उलटा वाचतात. ६०% म्हणजे दाण्याचा ६० टक्के भाग उरलाय आणि ४० टक्के घासून काढलाय. आकडा जितका लहान, तितकं घासणं जास्त. गिंजोसाठी हा आकडा ६० किंवा त्याखाली, दाइगिंजोसाठी ५० किंवा त्याखाली असावा लागतो. मागे-पुढे 'जुनमाई' असेल तर वेगळा अल्कोहोल घातलेला नाही. नसेल तर तांदळाच्या वजनाच्या जास्तीत जास्त दहा टक्के शुद्ध अल्कोहोल घातलेला असू शकतो. ही भेसळ नव्हे. गाळण्याच्या ऐन आधी घातलेला थोडा अल्कोहोल लगद्यात अडकलेला सुगंध सोडवून साकेत आणतो. फक्त जुनमाईच चांगली, हा हट्ट सुरुवातीला तरी बाजूला ठेवा. कितीतरी मनमोकळ्या, सुगंधी बाटल्या त्यापायी हातच्या जातात.

बाटलीवर काय पाहायचं

ताज्या साकेसाठी एकच अक्षर पाठ करा: 'नामा'. तीन आडव्या रेघा, मधोमध वरून खाली येऊन तळाच्या रेघेवर टेकणारी एक उभी रेघ आणि वर डाव्या बाजूला एक छोटा तिरका फटकारा. बाटलीच्या गळ्यावर किंवा वेगळ्या छोट्या लेबलावर ते बहुधा मोठं छापलेलं असतं. एरवी साके साठवण्याआधी एकदा आणि बाटलीत भरताना एकदा, अशी दोनदा ६०-६५ अंशांना तापवतात. या तापवण्याला 'हि-इरे' म्हणतात. नामा साके एकदाही तापवलेली नसते. तिच्यातले कोजीचे एन्झाइम जागे असतात, म्हणूनच ती इतकी टवटवीत लागते आणि म्हणूनच इतक्या लवकर बिघडते.

मात्र याच अक्षरानं सुरू होणारे आणखी तीन शब्द फसवतात. 'नामाचोझो' साठवताना कच्ची असते, पण बाटली भरताना एकदा तापवलेली. 'नामाझुमे' साठवण्याआधी एकदा तापवलेली, नंतर नाही. या दोन्ही अर्ध्या वाटेवरच्या म्हणता येतील आणि पिऊन बघायला हरकत नाही. तिसरा शब्द 'किमोतो'. त्याचा ताजेपणाशी काही संबंध नाही, ती विरजणाची जुनी पद्धत आहे. त्या साकेला भारदस्त, आंबूस चव असते आणि तिच्यातल्या पुष्कळशा कोमट केल्यावरच खुलतात. फळाचा वास शोधणाऱ्यानं किमोतो उचलली तर हमखास निराशा होते. शंका आली तर दुकानदाराला बाटली दाखवून विचारा: "नामाझाके देस का?"

आणखी काही शब्द वसंतात वारंवार दिसतात. 'गेन्शू' म्हणजे पाणी न मिसळलेली, साधारण १७ ते २० टक्के अल्कोहोलची साके. एरवीची १५-१६ टक्क्यांची असते. 'मुरोका' म्हणजे कोळशाच्या भुकटीनं साफ न केलेली, त्यामुळे हलका पिवळा किंवा हिरवट रंग राहतो. 'उसुनिगोरी', 'ओरिगारामी', 'कासुमी' या धुरकट साके. तांदळाचा बारीक गाळ त्यांत मुद्दाम ठेवलेला असतो आणि वसंतात त्यांची चलती असते. गाळतानाचे तीन टप्पेही कधी लेबलावर येतात. दाब न देता आपसूक वाहून येणारी पहिली धार 'आराबाशिरी', चुणचुणीत आणि थोडी रांगडी. मधली 'नाकादोरी', सर्वांत तोलाची. शेवटी दाबून काढलेली 'सेमे'. तीनही एकाच कारखान्याच्या मिळाल्या तर सोडू नका.

तारखेबद्दल सावध राहा. बाटलीवरचा महिना असला तर तो बहुधा बाटली भरल्याचा असतो, गाळल्याचा नव्हे. २०२३ पासून तो छापणं सक्तीचंही राहिलेलं नाही. 'बीवाय' हे साके-वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं आणि त्यापुढे जपानी राजवर्षाचा आकडा असतो. ७ बीवाय म्हणजे जुलै २०२५ ते जून २०२६. नामा बाटली भरून तीन महिन्यांहून अधिक झाले असतील आणि ती दुकानात शून्याखाली ठेवलेली नसेल, तर पहिली बाटली म्हणून ती घेऊ नका.

गुलाबी लेबल, साकुराची फुलं, बाटलीवरच्या पाकळ्या ही सजावट आहे, आत काय आहे ते त्यावरून कळत नाही. गुलाबी दिसणारी 'निगोरी', म्हणजे गढूळ साके, मात्र खरीच वेगळी असते. तिचा रंग बहुधा विशिष्ट लाल यीस्टमुळे येतो. ती गोड, कमी अल्कोहोलची असते आणि साकेची ओळख करून घ्यायला फारशी कामाची नाही.

पहिली खरेदी: एकाच कारखान्याच्या दोन बाटल्या

आमचा आग्रह असा की पहिल्यांदा तीन वेगवेगळी नावं घेऊ नका. एकाच कारखान्याची, एकाच नावाची साके दोन रूपांत घ्या, एक नामा आणि एक तापवलेली. दोन्ही शेजारी ठेवून चाखल्या की ताजेपणा म्हणजे काय ते जिभेलाच कळतं, वर्णन वाचावं लागत नाही.

या प्रयोगासाठी यामागाता प्रांतातल्या तेंदो गावची देवाझाकुरा 'ओका गिंजो' उत्तम. ही साके १९८० मध्ये आली आणि परवडणाऱ्या सुगंधी गिंजोची ओळख जपानभर करून देणाऱ्यांत तिचं नाव घेतात. तापवलेली वर्षभर मिळते आणि तिची नामाही निघते. नागानो प्रांतातल्या सुवा गावची मासुमी 'आराबाशिरी' ही नव्या हंगामाची नामा म्हणून प्रसिद्ध. बऱ्याच कारखान्यांत वापरलं जाणारं ७ क्रमांकाचं यीस्ट १९४६ मध्ये याच मासुमीच्या कारखान्यात सापडलं. नाराची 'काझे नो मोरी' न तापवलेल्या, बारीक फसफस असलेल्या साकेसाठी ओळखली जाते. यामागुचीची 'दास्साई' जवळपास सगळीकडे मिळते, तिच्यात फळाचा वास स्पष्ट असतो. ताजी नामा मिळालीच नाही तर तिच्यापासून सुरुवात करायला काही हरकत नाही.

७२० मिलिलिटरची बाटली घ्या. १.८ लिटरची दर लिटरमागे स्वस्त पडते, पण दोन माणसांकडून ती ताजी असेपर्यंत संपत नाही. ७२० मिलिलिटरच्या चांगल्या गिंजोला साधारण दोन ते तीन हजार येन पडतात.

दुकानात किंवा बारमध्ये "फुरूतीना नो, आरिमास का?" असं विचारलं की फळांच्या वासाची साके पुढे येते. 'काराकुची' मागू नका. तो शब्द सगळ्यांना ठाऊक असतो आणि भारदस्त वाटतो म्हणून लोक मागतात, पण काराकुची म्हणजे कोरडी, कमी गोड. तशा साकेत हा सुगंध बहुधा दबलेला असतो.

घरी आणल्यावर

नामा कच्च्या दुधासारखी वागवा. दुकानातून थंड पिशवीत आणा आणि सरळ फ्रिजमध्ये ठेवा. दारातल्या कप्प्यात ठेवू नका, तिथे दर उघडझापीला तापमान वर-खाली होतं. मागच्या बाजूला, उभी ठेवा. आडवी ठेवली तर साकेचा हवेशी संपर्क वाढतो आणि झाकणाला चव लागते. बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळा, कारण साकेला उजेड चालत नाही. पारदर्शक बाटली उन्हात काही तास राहिली तरी वास बदलतो.

धुरकट नामा उघडताना घाई करू नका. यीस्ट जिवंत असलं तर आत वायू साठलेला असतो. बाटली हलवू नका, पूर्ण थंड करा, सिंकमध्ये धरा. झाकण पाव फेरा सैल करा, फेस वर चढताना दिसला की लगेच आवळा. फेस बसला की पुन्हा सैल करा. पाच-सहा वेळा असं करावं लागतं. एकदम उघडली तर पाव बाटली ओट्यावर जाते.

ग्लास आणि तापमान

पांढऱ्या वाइनचा लहान ग्लास घ्या, तोंडाशी किंचित निमुळता. त्यात फक्त ४०-५० मिलिलिटर ओता, वरची जागा वासासाठी राहू द्या. लाकडी चौकोनी 'मासू' दिसायला सुरेख असतो, पण लाकडाचा वास नाजूक सुगंध गिळून टाकतो. कागदी पेल्यालाही स्वतःचा वास असतो. कारखान्यात चाखायला वापरतात तो 'किकिचोको' म्हणजे पांढरा चिनी मातीचा पेला, तळाशी दोन निळी वर्तुळं असलेला. पांढऱ्यावर रंग कळतो, निळ्या कडांवरून साके किती नितळ आहे ते कळतं. हौस असेल तर विकत घ्या, पण वासाच्या बाबतीत वाइनचा ग्लास त्याहून बरा.

जपानीत थंड साकेच्या तापमानांना नावं आहेत: ५ अंशांना युकिबिए, १० ला हानाबिए, १५ ला सुझुबिए. ताज्या सुगंधी साकेची खरी जागा दहाच्या आसपास. फ्रिजमधली ४-५ अंशांची साके थेट नाकाला लावली तर वास जवळजवळ येतच नाही, आणि नवखा माणूस समजतो की साकेतच काही नाही. वीसच्या वर गेली की अल्कोहोल नाकात शिरतो आणि गोडवा चिकट वाटू लागतो. ग्लासात ओतून थोडा वेळ थांबा. खोली २०-२२ अंशांवर असेल तर दहाएक मिनिटांत ती नेमक्या जागी येते. घाई असेल तर ग्लासाचं पोट तळव्यात धरा. साकेत बर्फ घालू नका. अपवाद फक्त वीस टक्क्यांच्या जवळ गेलेल्या गेन्शूचा, तिला एक मोठा खडा चालतो.

चाखायच्या पायऱ्या

आधी तासभर कॉफी, च्युइंगगम, लसूण नको. अत्तर लावू नका, हाताला साबणाचा वास नको. शेजारी पाण्याचा पेला ठेवा, जितकी साके तितकं पाणी. हे पाणी साकेत मिसळायचं नाही, मधून मधून प्यायचं. जपानीत त्याला 'यावारागि-मिझु' म्हणतात.

क्रम असा लावा: तापवलेली गिंजो, मग नामा गिंजो, मग नामा गेन्शू, शेवटी धुरकट. उलट गेलात तर दाट गोडव्यानंतर हलकी साके पाण्यासारखी लागते.

पहिल्यांदा नुसतं बघा. मग ग्लास न फिरवता नाकाखाली आणा आणि एक छोटा श्वास घ्या. पहिला श्वास सर्वांत खरा असतो, तिसऱ्या-चौथ्याला नाक सवयीचं होतं. या वेळी कुठलं तरी एकच फळ मनात ठरवा: केळं, खरबूज, सफरचंद, नासपती, लिची, पांढरा पेरू. चूक-बरोबर काही नसतं, पण नाव दिल्याशिवाय दुसऱ्या बाटलीशी तुलना करता येत नाही. मग ग्लास एक-दोनदाच हलका फिरवा आणि पुन्हा वास घ्या. आता फळामागून तांदूळ येतो, वाफवलेल्या भाताचा, कधी ओल्या पिठाचा.

घोट अगदी लहान घ्या, एक चमचाभर. जिभेवर पसरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा आणि नाकानं सोडा. तोंडातून नाकात चढणारा हा वास ग्लासातल्या वासापेक्षा वेगळा असतो. जपानी तज्ज्ञ दोन्हींची नोंद वेगवेगळी करतात. ग्लासात केळं आणि तोंडात बडीशेप, असं पुष्कळदा होतं. टोकाला चुरचुर होते का पाहा, तो विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो आणि ताजेपणाची ती चांगली खूण.

मग गिळा किंवा थुंका आणि मनात दहापर्यंत मोजा. चव कशी संपते याला 'किरे' म्हणतात. चांगल्या वसंत-साकेचा गोडवा पाच-सहापर्यंत मोजेतो निघून जातो आणि मागे हलका कडवटपणा किंवा आंबटपणा उरतो. गोडवा दहानंतरही जिभेला चिकटून असेल तर एक तर साके जास्त गरम झाली आहे किंवा ती तशीच बांधणीची आहे. पुन्हा थंड करून चाखलं की यातलं कुठलं ते कळतं.

धुरकट बाटलीतून दोन घोट काढायचे. आधी न हलवता वरची नितळ साके ओता आणि चाखा. मग झाकण घट्ट लावून बाटली सावकाश एकदाच उलटी-सुलटी करा, गाळ पसरला की पुन्हा ओता. दुसऱ्या खेपेला गोडवा आणि दाटपणा वाढलेला असतो, फळ थोडं मागे सरतं. बहुतेकांना नितळ भाग अधिक आवडतो, पण खाण्याबरोबर मिसळलेला बरा लागतो.

बिघाड ओळखायचा कसा

हलका पिवळा रंग हा बिघाड नव्हे, बुडबुडे हाही नव्हे. खरे बिघाड नाकालाच कळतात. नामा उबेत राहिली की एन्झाइमचं काम चालूच राहतं आणि भाजलेल्या दाण्यासारखा, माल्टसारखा जड वास येतो. याला 'नामाहिनेका' म्हणतात. कारण मुख्यतः आयसोव्हॅलराल्डिहाइड. तापवलेली साके जुनी झाली की मुळ्याच्या लोणच्यासारखा, शिजलेल्या कोबीसारखा वास येतो. त्यामागे गंधकाचं एक संयुग, डायमिथाइल ट्रायसल्फाइड. उजेड लागलेल्या साकेला जळकट, कुबट वास येतो. नितळ असायला हवी अशी नामा आपोआप गढूळ आणि आंबट झाली, तर अल्कोहोल सहन करणारे लॅक्टिक जिवाणू तिच्यात वाढले आहेत. ही बाटली ओतून टाका. नेलपॉलिशसारखा झोंबरा वास ईथाइल ॲसिटेटचा. अगदी थोडा असेल तर तो फळाच्या वासात मिसळून जातो, पुढे आला तर दोष.

सोबत काय खायचं

वसंतातल्या जपानी भाज्या किंचित कडू असतात आणि साकेच्या गोडव्याला तो कडूपणा फार चांगला धरतो. मोहरीच्या फुलांचे कोंब 'नानोहाना', फुकीच्या कळ्यांचा आणि तारा झाडाच्या कोंबांचा तेंपुरा, कोवळे बांबूचे कोंब. मासे खाणाऱ्यांसाठी तोयामा उपसागरातले चमकणारे छोटे स्क्विड 'होतारुइका', जे साधारण मार्च ते मे मिळतात, आणि साकेत वाफवलेल्या हामागुरी शिंपल्या.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. नुसती भाजी दिसली तरी ती पुष्कळदा 'दाशी' या पातळ अर्कात शिजवलेली असते, आणि दाशी बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाची. तेंपुरा मागितलात तर रस्सा बाजूला सारून मिठाबरोबर खा. तळणाचं तेल आणि पीठ मासळीपासून वेगळं ठेवलं आहे का, हे मात्र विचारावं लागेल. थंड तोफूवर वरून माशाचे कीस पसरतात, "कात्सुओबुशी नाशी दे" म्हणजे ते घालू नका. घरी चाखत असाल तर ताजं पनीर, काकडीच्या चकत्यांवर मीठ, स्ट्रॉबेरी, न खारवलेले बदाम पुरे. शेव, चिवडा, मसाला शेंगदाणे यांच्यापुढे मात्र ही साके टिकत नाही. मिरचीची आग आणि अल्कोहोल एकमेकांना वाढवतात, नाजूक वास पहिल्याच घासाला मरतो.

जपानात कुठे चाखायची

निइगाता आणि एचिगो-युझावा स्थानकांत 'पोन्शुकान' आहे. निइगाता प्रांतातल्या जवळपास सगळ्या कारखान्यांच्या साके तिथे यंत्रात लावलेल्या आहेत. काउंटरवर पेला आणि टोकन घ्यायची, हवं त्या नावाखाली टोकन टाकायचं. निइगाताची साके सरासरीनं कोरडी आणि हलकी असते, म्हणून गिंजो आणि नामा कुठल्या ते विचारूनच टोकन खर्च करा. सुवात कामिसुवा स्थानकापासून चालत जाता येईल अशा एकाच रस्त्यावर पाच कारखाने आहेत: माइहिमे, रेइजिन, होन्किन, योकोबुए आणि मासुमी. एका दुपारी पाचही होतात. क्योतोच्या फुशिमी भागात साकुरा, कालवा आणि साकेचे जुने कारखाने एकत्र सापडतात. सागा प्रांतातल्या काशिमा गावात मार्चअखेरीस कारखाने पाहत फिरायचा उत्सव असतो. तिथल्या 'नाबेशिमा' दाइगिंजोला २०११ मध्ये इंटरनॅशनल वाइन चॅलेंजमध्ये सर्वोच्च साकेचा मान मिळाला होता.

कुठल्याही बारमध्ये 'नोमिकुराबे' मागितलं की तीन छोटे पेले एकदम येतात. एकट्यानं शिकायला याहून स्वस्त शाळा नाही. कारखान्यात जायचं असेल तर त्या दिवशी सकाळी नात्तो, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, खाऊ नका. नात्तोचे जिवाणू चिवट असतात आणि कोजीच्या खोलीत शिरले तर सगळा घाणा बिघडवू शकतात.

साकुराखाली बसून प्यायची इच्छा सगळ्यांना असते, पण बाग आधी पाहा. तोक्योच्या शिंजुकु ग्योएनमध्ये दारू न्यायला मनाई आहे, उएनो पार्कमध्ये चालते. वाऱ्यात नाजूक वास उडून जातो, म्हणून उत्तम गिंजो घरी ठेवावी आणि बागेत स्वस्त, थोडी गोड उसुनिगोरी न्यावी. तिला थंड पिशवी लागतेच.

किती

जपानात साके मापायचं जुनं माप 'गो', म्हणजे १८० मिलिलिटर. १५ टक्क्यांच्या एका गोमध्ये सुमारे २२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतो. जपानी आरोग्य मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला पुरुषांनी ४० आणि स्त्रियांनी २० ग्रॅमपर्यंत पोहोचलं की आजारांचा धोका वाढतो. पाच प्रकार चाखायचे तर प्रत्येकी ३० मिलिलिटरच ओता, थुंकायला एक वेगळा पेला ठेवा आणि लाजू नका, कारखान्यातले लोकही थुंकतात. गेन्शू गोड असल्यामुळे तिचा जोर उशिरा कळतो, तिच्याबाबत विशेष जपा. जपानात दारूसाठी वयाची अट २० वर्षं आहे. पिऊन गाडी चालवणं गुन्हा आहेच, नोव्हेंबर २०२४ पासून पिऊन सायकल चालवण्यालाही कडक शिक्षा आहे.

उरलेली बाटली, आणि भारतात न्यायची बाटली

नामा उघडली की तीन-चार दिवसांत तिचा सुगंध उतरू लागतो, आठवड्याच्या आत संपवा. तापवलेली गिंजो थंड ठेवली तर दोन आठवडे बरी राहते. अर्धी बाटली उरणार हे माहीत असेल, तर उघडल्या उघडल्याच उकळत्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवलेल्या ३०० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून झाकून ठेवा. फसफसणाऱ्या साकेला हा उपाय करू नका, बाटली फुटू शकते. वास उतरलेली साके शिंपल्या वाफवायला किंवा भात शिजवताना दोन चमचे घालायला उत्तम.

भारतात नेण्यासाठी नामा निवडू नका. तोक्योहून मुंबईपर्यंतचा विमानप्रवास, विमानतळावरची वाट, मग एप्रिलची पस्तीस अंशांची टॅक्सी, एवढ्यात ती बिघडायला सुरुवात होते. आतून वायूचा दाब वाढला तर झाकणही उडतं. त्याऐवजी नुकतीच भरलेली, दोनदा तापवलेली गिंजो किंवा दाइगिंजो घ्या, गडद बाटलीतली. प्रत्येक प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७२० मिलिलिटरच्या दोन बाटल्या सहज बसतात. हातातल्या सामानात चालत नाहीत, चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. घरी पोहोचल्यावर बॅग उघडायच्या आधी फ्रिजमध्ये जागा करून ठेवायला सांगा आणि दोन दिवस ती तिथे उभी राहू द्या. मग दहा अंशांवर, रिकाम्या पोटी नव्हे, पण जेवणातला मसाला जिभेला लागायच्या आधी उघडा.